बागेतला नळ

प्रिय आई-बाबा,

सा. न.

परवा निघताना बाबांना झाडांसाठी पाण्याची बादली घेऊन मागच्या दारातून जाताना पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एक खांदा खाली, दुसरा हात भिंतीला, आणि बाथरूमपासून पायरीपर्यंत पाण्याची ओली रेघ. बाबा, १० लिटरची बादली म्हणजे १० किलो, वर बादलीचं वजन वेगळं. अशा तुमच्या रोज सहा खेपा. आणि त्याच ओल्या फरशीवरून आईची ये-जा.

बागेत नळ हवा तर बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागतील, असं प्लंबर म्हणाला ते खोटं नाही. बाथरूमचा पाइप भिंतीत गाडलेला आहे, टाइल्स फोडल्याशिवाय हाताला लागणार नाही. पण तिथे जायचंच कशाला? वॉशिंग मशीनचा नळ बागेकडच्याच भिंतीवर आहे की! मी टेप लावून पाहिलं. खिडकीच्या कडेपासून तो नळ ७० सेंटिमीटरवर. बाहेरून त्याच कडेपासून तेवढंच मोजलं तर बरोबर आईच्या गुलाबामागे येतं. तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायची, टीला लागून घरातच पाणी बंद करायची एक चावी, आणि अर्धा इंची पाइप भिंतीतून आरपार. बागेतली तोटी गळाली तरी आतली चावी फिरवली की काम भागलं, घरभराचं पाणी बंद करायला नको.

भोक पाडताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी आत झिरपेल. मशीनच्या सॉकेटच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू देऊ नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. तोटी भिंतीला क्लँपने पक्की हवी. बाबा रबरी पाइप ओढतील तेव्हा झाडं अर्धी वाकतील, मग सांध्याचं काय होईल! उंची एवढीच, की खाली बादली मावेल.

आणि आई, तुझ्यासाठी एक. त्या खताच्या पिंपात रबरी पाइपचं तोंड बुडवून ठेवावंसं तुला वाटेल ना? मधेच पाणी गेलं आणि घरातला खालचा एखादा नळ उघडा असला, तर पिंपातलं पाणी उलटं ओढलं जाऊन घरच्या लाइनीत येऊ शकतं. म्हणून एकाच दिशेने पाणी सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून घ्यायचाच. प्लंबर 'काही गरज नाही' म्हणेल. ऐकू नका. आणि व्हॉल्व्ह असला तरी पाइप पिंपाच्या वरच धर.

सांध्यांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ पाणी सोडायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी आहे. मागच्या वेळी गच्चीवरचा सांधा तुम्ही तासाभरात उघडून बघितला होतात आणि पुन्हा सगळं नव्याने करावं लागलं होतं.

स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. भिंतीवर पेन्सिलची खूण झाली की आधी मला व्हिडिओ कॉल करा, मगच ड्रिल.

तुमची,
ताई