शेजारच्या आजींचे खापरपणजोबा सापडले एकदाचे

आई-बाबा,

फोनवर अर्धवट राहिलेलं ते शेजारच्या आजींचं प्रकरण आठवतंय ना? खापरपणजोबा सापडले! तीन महिने डोकं खाल्लं त्या माणसानं. आजींकडे काय, तर नाव आणि "सैन्यात होता म्हणे" एवढंच.

आधी जनगणना धरली, इथे इंग्लंडात दर दहा वर्षांनी व्हायची, पण १८४१ ची काही खरी नाही, मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून टाकलीयत, २९ चा असला तरी २५ च लिहायचं. १८५१ मध्ये नातं, जन्मगाव सगळं आहे, तर तिथे त्यांची बायको मिळाली, माहेरी, "शिपायाची बायको" म्हणून, आणि हा पठ्ठ्या गायब, कारण पलटण परदेशात आणि तिकडच्या शिपायांची नावं या यादीत नसतातच. एकदम १८७१ ला हजर, धंद्याच्या रकान्यात "चेल्सी पेन्शनर". मी खुळ्यासारखी लंडनच्या चेल्सीत शोधत बसले! नंतर कळलं, पेन्शन तिथल्या सैनिकांच्या हॉस्पिटलमार्फत मिळायची म्हणून ते नाव, माणसं बहुतेक आपापल्या गावीच.

मग १८४८ चा लग्नाचा दाखला मागवला. वयाच्या जागी नुसतं "सज्ञान", म्हणजे २१ च्या वर, बास. बायकोच्या सहीच्या जागी फुली, शाई जरा फुटलेली. पण नवऱ्याच्या धंद्यापुढे पलटणीचा नंबर होता, आणि तिथे गाडी सुटली.

लंडनजवळच्या क्यू (Kew) इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, त्यांचे निवृत्तीचे कागद निघाले, १८६३ चे. उंची पाच फूट सहा, डोळे घारे, उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक नाही. शिक्षेच्या वहीत नऊ वेळा नाव, तरी शेरा "वर्तणूक चांगली"!! आजी हसून हसून बेजार. आणि १८४२ ला भरतीच्या वेळी वय सांगितलंय १८, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत १८२६, म्हणजे पोरगं सोळाचं. अठराच्या आतली नोकरी पेन्शनला धरत नसत, त्यामुळे ही थाप चांगलीच फळली. आपल्याकडे नाही का, शाळेत घालताना सगळ्यांची जन्मतारीख १ जून, तसंच.

शनिवारी परत जातेय, क्रिमियाच्या लढाईच्या मेडलची यादी बघायचीय. मेडल घरात होतं, कुणीतरी विकून खाल्लं असं आजी म्हणतात, कुणी ते मात्र सांगत नाहीत.

तुमची,
छकुली