टर्मिनलवरचा मेसेजही मराठीत यायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून मराठी आणि कॉम्प्युटर या विषयावर आपल्या पेपरात बरंच काही छापून येतंय, मी ते सगळं वाचतो, पण चर्चा दरवेळी फॉन्ट, कीबोर्ड आणि मोबाईलच्या मेनूपाशी येऊन थांबते. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलवर जे मेसेज येतात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझं रोजचं काम तिथलंच आहे म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी लिनक्सवर बॅकअपची शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाईल, लिहून दिली होती. संध्याकाळी कामकाज बंद करताना तिथल्या ताई एका आयकॉनवर क्लिक करायच्या, खिडकी उघडायची, दोन-चार ओळी यायच्या आणि झालं. एकदा जुना डेटा लागला म्हणून बघितलं तर मागच्या एकोणीस दिवसांचा बॅकअपच नाही. ताईंनी शांतपणे रजिस्टर काढून दाखवलं, त्यात मागच्या पानावर रोजची तारीख टाकून मराठी अक्षरात लिहिलेलं, «नो स्पेस लेफ्ट ऑन डिवाइस», म्हणजे डिस्कवर जागाच नाही, एकोणीस वेळा, एकही दिवस न चुकता. त्यांना वाटलं ही बॅकअप झाल्याची पोच आहे, म्हणून पावती नंबर लिहावा तसं त्या लिहून ठेवत होत्या. चूक त्यांची नव्हतीच, मेसेज कुणासाठी लिहायचा याचा विचार मी केला नव्हता.

लगेच मी इंग्लिश ओळी खोडून तिथेच मराठी टाकायला बसलो, पण तसं करायचं नसतं हे थोडं वाचल्यावर कळलं. यासाठी प्रोग्रामचे मेसेज वेगवेगळ्या भाषांत दाखवायची गेटटेक्स्ट नावाची सोय फार जुनी आहे, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं गेटटेक्स्ट १९९५ पासून आहे, आणि त्याच्याबरोबर शेल स्क्रिप्टसाठी गेटटेक्स्ट डॉट एसएच नावाची एक छोटी फाईल येते. ती आपल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओढून घ्यायची, टेक्स्टडोमेन या व्हेरिएबलमध्ये आपल्या प्रोग्रामचं नाव टाकायचं, आणि मग ओळ छापणाऱ्या साध्या इको कमांडच्या जागी इव्हॅल-गेटटेक्स्ट आणि इव्हॅल-एनगेटटेक्स्ट ही दोन फंक्शन्स वापरायची. भाषांतर पीओ फाईल नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये राहतं, स्क्रिप्ट एकच, मशीनचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, मराठी असेल तर मराठी मेसेज येतो आणि भाषांतर सापडलं नाही तर मूळ इंग्लिश.

यातली मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे पूर्ण वाक्य एकत्र ठेवणं. आपल्याकडे बहुतेक जण मेसेज तुकडे जोडून लिहितात, आधी «कॉपीइंग», मग फाईलचं नाव, मग «टू», मग फोल्डरचं नाव. इंग्लिशमध्ये ते चालून जातं, पण मराठीत क्रियापद शेवटी जातं, «टू» चं काय करायचं तेच कळत नाही आणि «कॉपी करत आहे जमाखर्च ला पेनड्राइव्ह» असं काहीतरी समोर येतं. इव्हॅल-गेटटेक्स्टमध्ये पूर्ण वाक्य द्यायचं आणि आत व्हेरिएबलची नावं तशीच ठेवायची, मग भाषांतर करणारा ती नावं हवी तिथे हलवू शकतो, फोल्डर आधी, फाईल नंतर, क्रियापद शेवटी. फक्त डॉलरच्या आधी बॅकस्लॅश द्यायला विसरायचं नाही. विसरलात तर शेल आधीच त्या जागी फाईलचं नाव भरून टाकतं, गेटटेक्स्ट ते भरलेलं वाक्य यादीत शोधत बसतं, सापडत नाही आणि इंग्लिशच छापतं. माझे दोन दिवस यातच गेले.

नावात इव्हॅल आहे म्हणून काही जण घाबरतात, पण ते खरं तर सुरक्षित आहे, ते फक्त मूळ वाक्यात असलेलीच व्हेरिएबल्स भरतं, भाषांतरात कुणी कमांड घुसवली तरी ती चालत नाही. उलट बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या नेहमीच्या शेलमध्ये, डॉलर आणि दुहेरी अवतरण लावून भाषांतर करायची जी आयती सोय आहे तिथे भाषांतरातली कमांड चालायचा धोका असतो, तो बंद करायचा पर्याय २०२२ च्या बॅश ५.२ मध्ये आला.

आता मराठीचा खास भाग, आणि इथे बाहेरचा कुणी आपल्याला मदत करू शकत नाही. आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटते आणि क्रियापद लिंग बघून बदलतं. फाईलचं नाव काहीही असू शकतं, त्याला «मध्ये» कसं चिकटवणार, त्याचं लिंग कोणतं धरणार? मी आता नावाला हातच लावत नाही, नाव अवतरणात ठेवतो आणि पुढे आपला शब्द जोडतो, «'जमाखर्च' ही फाईल सापडली नाही», «'मार्च' या फोल्डरमध्ये कॉपी केली». विभक्ती आणि लिंग दोन्ही आपल्या शब्दावर पडतं, नाव जसंच्या तसं राहतं. संख्येचं काम इव्हॅल-एनगेटटेक्स्ट करतं, «१ फाईल कॉपी झाली» आणि «५ फायली कॉपी झाल्या», मराठीला दोन रूपं पुरतात. हे नसेल तर लोक «फाईल(ली) झाली(ल्या)» असले कंस टाकतात, ते मला वाचवत नाही.

दुसरी अडचण मांडणीची. बॅशच्या प्रिंटएफ या छापायच्या कमांडला २० रकान्यांची जागा ठेवायला सांगितली तर तो अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. «यशस्वी» या शब्दात सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, मागे फक्त दोन मोकळ्या जागा पडतात, खालच्या ओळीतल्या «झाली» चे १२ बाइट, तिथे आठ पडतात, आणि पूर्ण तक्ता वाकडा दिसतो. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात ते वेगळंच. यावर मी जो उपाय केला तो अगदी साधा आहे, तारीख आणि आकडे आधी, मराठी मजकूर ओळीच्या शेवटी, म्हणजे पुढे काही जुळवायचंच राहत नाही.

आणखी दोन ठिकाणी माणूस हमखास अडकतो. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, स्क्रिप्ट चालवली तर बऱ्याचदा लँग हे भाषेचं व्हेरिएबल सेटच नसतं आणि रात्रीचा लॉग परत इंग्लिशमध्ये येतो, ते स्क्रिप्टमध्येच सेट करावं लागतं. आणि दुसऱ्या कमांडच्या मेसेजमधला शब्द ग्रेप या कमांडने शोधून निर्णय घेत असाल तर भाषा बदलली की ते कोलमडतं, तिथे एक्झिट स्टेटस, म्हणजे कमांड जमली की नाही ते सांगणारा आकडा, बघायचं, नाहीच जमलं तर तेवढ्या कमांडपुरतं एलसी-ऑल हे व्हेरिएबल सी, म्हणजे मूळ इंग्लिश, करायचं.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसारखा मोठा प्रोग्राम हेच करतो. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या १.७.९ मध्ये त्यांनी भाषांतराची सोय आणली, आणि त्यांच्या शेल स्क्रिप्टसाठी एक वेगळी सहायक फाईल केली, मशीनवर गेटटेक्स्ट नसेल तर त्याच नावाची साधी फंक्शन्स ती स्वतः पुरवते आणि काम अडत नाही. मीही ते तसंच उचललं, जेमतेम दहा-बारा ओळींत होतं.

संपादक साहेब, आपल्याकडे बीसीएस, डिप्लोमा, इंजिनिअरिंगची इतकी मुलं शेल स्क्रिप्टची प्रॅक्टिकल्स करतात, संख्या सम की विषम, फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, वर्षानुवर्षं तेच. त्यातलं एक प्रॅक्टिकल हे असावं एवढंच माझं म्हणणं आहे, एक स्क्रिप्ट, एक पीओ फाईल, दहा मेसेज मराठीत, आणि ते मेसेज वर्गाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला देऊन काय कळलं ते जर्नलमध्ये लिहायचं. शिक्षक मंडळी आपला पेपर वाचतात म्हणून इथे लिहितोय. भाषांतर सरकारी पत्रासारखं नको, «साधनावर अवकाश शिल्लक नाही» वाचून कुणी पेनड्राइव्ह बदलणार नाही.

त्या पतसंस्थेत आता कॉपी करायच्या आधीच जागा तपासली जाते आणि नसेल तर मेसेज येतो. मी लिहिलं होतं, «डिस्कवर जागा उरली नाही, बॅकअप झाला नाही». ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, «दादा, 'बॅकअप झाला नाही' हे आधी लिहा, मग 'डिस्क भरली', आणि पुढं काय करायचं तेपण लिहा की.» मी पीओ फाईलमधली ती एक ओळ बदलली, «बॅकअप झाला नाही. डिस्क भरली आहे. दुसरी डिस्क लावून पुन्हा क्लिक करा.», पीओ फाईल मशीनला वापरता येईल अशी करणारं एमएसजीएफएमटी चालवलं आणि निघालो, स्क्रिप्टला हातही लावावा लागला नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा जिल्हा