आधी खुराड्याची कडी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, अख्खा रविवार छपरावर गेला आणि गळती आहे तिथेच आहे. सोमवारी ऑफिसात डोळे मिटत होते. मोठी शेळी लंगडते आहे हे मला थेट गुरुवारी दिसलं." शेवटचं सांगताना तुझा आवाज खाली गेला. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तू कष्टात कमी पडत नाहीस. फक्त कामांचा क्रम चुकतो आहे असं मला वाटतं. छप्पर मोठं, नजरेत भरणारं, म्हणून तू आधी तिथे चढलास. पण खुराड्याची कडी वाकली आहे, रोज संध्याकाळी सुतळीने दार बांधावं लागतं, हे तू महिन्यापूर्वी सांगितलं होतंस. ती सुतळी अजून तशीच असणार. रोज अंधारात गाठ मारायला पाच मिनिटं, सकाळी सोडायला पाच. आठवड्याचा तास-सव्वा तास त्या एका कडीपायी जातो, आणि नवी कडी बसवायला अर्धा तास पुरतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की जी मोडतोड रोज तुझा वेळ खाते ती पहिली दुरुस्त कर. गव्हाणीची निखळलेली फळी, गळणारा नळ, अडकणारं फाटक. छपराची पाळी त्यानंतर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तू लहान होतास, वर्षअखेरीचे हिशोब चालले होते, मी रोज दिवेलागणीनंतर घरी यायची. आपल्याही खुराड्याचा कोयंडा असाच सैल झाला होता. "रविवारी बघू" म्हणत चार रविवार गेले. एका रात्री दमून आले, दार नुसतं ओढून घेतलं आणि आत गेले. सकाळी 11 पैकी 9 कोंबड्या मेलेल्या. रानमांजर आलं असावं. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, ती दांडीवर बसल्या जागी सापडते. पळालीसुद्धा नसतील. त्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी तो कोयंडा बसवला. मोजून 20 मिनिटं लागली. ती 20 मिनिटं मी महिनाभर काढू शकले नव्हते, हे मला अजून बोचतं.

कडी बसवशील तेव्हा जाळीही बघ. षट्कोनी पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्या जनावराला अडवत नाही. ते ती फाडतं. खालच्या दोन-तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लाव आणि थोडी जमिनीत पुरून घे.

आता शेळीचं. कामाच्या दिवसात सकाळी तू घाईत चारा टाकतोस, पाणी भरतोस आणि निघतोस. टाक, पण टाकल्यावर दोन मिनिटं तिथेच उभा राहा. हातात फोन नको. कोण आधी उठलं, कोण मागे राहिलं, कोणाची मान खाली आहे, पाय कसा पडतो, हे बघ. चाऱ्यावर तुटून पडणारी शेळी एक दिवस बाजूला उभी राहिली की काहीतरी बिघडलं समज. शंका आली तर तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धर. मिनिटाभरात एक-दोनदा आतून पोट मुठीला उचलतं, तेवढं लागलं तर कोठा चालू आहे. काहीच हललं नाही, किंवा डावी बाजू नगाऱ्यासारखी फुगली असेल, तर ऑफिसला उशीर होऊ दे, डॉक्टरला लगेच बोलाव. पोटफुगी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

लंगडण्याचं कारण बहुधा खूर असेल. गुरुवारी तू खूर उचलून पाहिलेस का? वाढलेल्या खुराची कड आत वळते, तिच्याखाली चिखल आणि लेंड्या अडकतात आणि तिथे कुजायला लागतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायचे असतात. ही तारीख तुझ्या ऑफिसच्या मीटिंगा लिहितोस ना, त्याच कॅलेंडरमध्ये टाक. लसीकरणाची आणि जंताच्या औषधाचीही. डोक्यात ठेवलेली तारीख कामाच्या गर्दीत हरवते.

त्याच कॅलेंडरचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार उशिरा सुचला. शेळी साधारण 150 दिवस गाभण असते. म्हणजे बोकड दाखवायचा दिवस ठरवलास की विण्याचा आठवडा तूच ठरवलास. पाच महिने पुढे मोजून बघ, तेव्हा तुझं काम टोकाला असेल तर तीन आठवडे थांब, शेळी पुन्हा माजावर येते. करडाला पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. त्या दिवशी घरी कोणीतरी हवं आणि ते कोणीतरी तूच आहेस. खुडूक कोंबडी बसवताना तसेच 21 दिवस मोज.

घराची कामंही अशी मोजून घे. भिंतीचा गिलावा हातात घेतलास तर पुढचे सात दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला हवं, नाहीतर तो तडकतो. त्यामुळे दौऱ्यावर जाणार असशील त्या आठवड्यात गिलावा नको. घरी असशील तेव्हा कर आणि शेळ्यांचं टाकं भरायला नळी लावतोस तेव्हाच भिंत भिजव. खिडक्यांचा जुना रंग खरवडशील तर खाली कापड अंथर आणि पडलेले पोपडे सगळे उचल. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोंबड्या दिसेल ते टिपतात. कापलेल्या तारा, खिळेसुद्धा मोजून गोळा कर.

छपराचं मी विसरले नाही. तू डाग दिसतो तिथे वरून डांबर ओतलंस ना? पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. पत्र्याच्या भोकातून आत आलेलं पाणी वाशावरून खाली वाहत येतं आणि वाटेत कुठेतरी गळतं. भोक डागाच्या वरच्या बाजूला शोधायचं. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फुटतात, आधी तेच तपास. एकाने वर तांब्याने पाणी ओतायचं, खालून सुरुवात करून वर सरकत जायचं, आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बघायचं. एकट्याने हे होत नाही, म्हणूनच तुझा रविवार वाया गेला. यात तुझा दोष नाही.

मी पुढच्या शनिवारी येते. तोवर छपरावर चढू नकोस, गळतीखाली बादली ठेव. या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी कडी बसव, एवढंच. रविवारी दुपारी जेवून झोप. शनिवारी तू वर चढ, मी आत टॉर्च धरते. गुडघे दुखतात म्हणून शिडी मला नको, पण नजर अजून चांगली आहे.

शेळीच्या खुरात काय निघालं ते आजच कळव.

तुझी,
आई