ताटावरून उठून गेलीस, म्हणून लिहितोय

सांगली
२ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री जावईबापूंचा, वेईचा, फोन आला होता. तू काही सांगितलं नाहीस, त्यानंच सांगितलं. मेलबर्नच्या त्या चिनी मंडळाच्या नव्या वर्षाच्या जेवणात तू ताटावरून उठून गेलीस आणि आठवडा झाला तरी व्याह्यांशी, विहीणबाईंशी तुझं बोलणं नाही. आपण फोनवर बोललो की दोघांचेही आवाज चढतात, म्हणून हे पत्र. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलोय.

आधी सांग, पायांची सूज उतरली का? मीठ कमी कर.

तुझं म्हणणं मला समजलं. त्या दिवशी, २६ जानेवारीला, सकाळी मी नेहमीप्रमाणे शाळेत ध्वजवंदनाला गेलो होतो. आपल्या राज्यघटनेला पंच्याहत्तर वर्षं झाली, मुलांसमोर चार शब्दही बोललो. त्याच तारखेला १७८८ साली सिडनीच्या किनाऱ्यावर इंग्रजांचा झेंडा लागला आणि १९३८ साली त्याच तारखेला तिथल्या मूळ रहिवाशांनी सिडनीत शोकदिन पाळला, हे मला तूच सांगितलं होतंस. यंदा चिनी नवं वर्ष २९ला आलं, रविवारी हॉल मोकळा होता, म्हणून मंडळानं २६ला जेवण ठेवलं. तू एवढंच म्हणालीस की सुरुवातीला वुरुंजेरी लोकांचं, ज्यांची ही जमीन, त्यांचं दोन वाक्यांत स्मरण करू. समिती म्हणाली, इथं राजकारण नको. इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं आहे. पण मग सगळ्यांसमोर, सासऱ्यांकडे बघत तू म्हणालीस की तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर बसून जेवताय. वेईनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि मला इथं रात्रभर झोप लागली नाही.

वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला म्हणालीस तो माणूस कोण, ते बघ. तुमच्या त्या लांबट बाल्कनीत मी आणि व्याही फोनवरच्या भाषांतराच्या आधारानं तासन्‌तास बोलत असू. त्यांचे वडील माझ्यासारखेच मास्तर होते. सांस्कृतिक क्रांतीत विद्यार्थ्यांनीच त्यांच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी चढवून गावातून धिंड काढली. व्याही तेव्हा बारा वर्षांचे, रस्त्याच्या कडेला उभे होते. हे सांगताना त्यांनी फोन खाली ठेवला आणि नुसत्या हातांनी त्या टोपीची उंची दाखवली. पुढं ते इंग्रजी शिकायला म्हणून मेलबर्नला आले, १९८९च्या जूनमध्ये तिआनमेन चौकात हत्याकांड झालं, त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या हॉक पंतप्रधानांनी हजारो चिनी विद्यार्थ्यांना राहू दिलं, त्यांत हे एक. हॉटेलात भांडी घासली, एका खोलीत पाचजण राहिले आणि मग ते घर झालं. अशा माणसाला चारचौघांत मत मांडायला सांगितलं की त्याच्या पोटात गोळा येणारच. ‘राजकारण नको’ म्हणताना त्यांच्या मनात वुरुंजेरींचा तिरस्कार असतो असं मला वाटत नाही. त्यांना ती टोपी दिसते.

विहीणबाईंना फोन केलास का? त्या तर काहीच बोलल्या नव्हत्या म्हणे.

१४ ऑक्टोबर २०२३चा, त्या मूळ रहिवाशांविषयीच्या सार्वमताचा शनिवार मी विसरणार नाही. मी तुमच्याकडे होतो. बॉक्स हिलच्या मतदान केंद्राबाहेर तू पत्रकं घेऊन उभी, आणि तुझी ती मोडकीतोडकी चिनी. एक म्हातारी तुझा हात धरून बराच वेळ काहीतरी विचारत राहिली. तिच्या फोनवर कुणीतरी पाठवलं होतं की ‘हो’ म्हटलं तर घर आणि परसातली जमीन जाईल. तू न चिडता तिला सांगत राहिलीस की मूळ रहिवाशांना संसदेला आणि सरकारला सल्ला देण्यासाठी एक मंडळ मिळेल, घटनेत त्यांचा उल्लेख होईल, तुमच्या घराचा यात संबंध नाही. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ही माझ्या नागरिकशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायची. व्याही आत गेले, मतपत्रिकेवर हो की नाही ते अक्षरांत लिहायचं होतं, त्यांना बाहेर यायला वेळ लागला. काय लिहिलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रात्री निकाल आला, साठ टक्के ‘नाही’, सहाही राज्यांत ‘नाही’. तू न्हाणीघरात जाऊन रडलीस. विहीणबाई दाराबाहेर कोमट पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, अर्धा तास तरी. तुला ते ठाऊक नसेल, कारण तू बाहेर आलीस तेव्हा त्यांनी पेला ओट्यावर ठेवून दिला होता.

तुझी आई असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं, आणि अर्ध्या पानात.

मला एक सुचतं. मास्तरकी जात नाही, रागावू नकोस. व्याह्यांना घेऊन बेंडिगोला, त्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावी, जा. मला त्यांनीच तिथं नेलं होतं. तिथल्या चिनी संग्रहालयातले ड्रॅगन ते लहान मुलासारखे बघत होते. तिथले चिनी लोक १८७०च्या दशकापासून ईस्टरच्या मिरवणुकीत उतरून इस्पितळासाठी आणि अनाथ-वृद्धांच्या आश्रमासाठी पैसे उभे करायचे, हे त्यांनी मला अभिमानानं दाखवलं. म्हणजे गावाच्या कामात पडायचं नाही, असा काही त्यांच्या लोकांचा नेम नाही. तिथं उभं राहून त्यांना पुढचं सांग. १८५५ साली व्हिक्टोरिया वसाहतीनं माणशी दहा पौंड कर बसवला, तो फक्त चिन्यांवर. तो चुकवायला जहाजं शेजारच्या वसाहतीत रोबच्या बंदरात माणसं उतरवायची आणि तिथून हजारो लोक कावडीला ओझी लावून शेकडो मैल चालत सोन्याच्या खाणींवर यायचे. ती सगळी वाट कुणाच्या ना कुणाच्या जमिनीतून जात होती, आणि बेंडिगो ज्या जा जा वुरुंग लोकांचं, त्यांना त्याच काळात हुसकावलं जात होतं.

मग ऑस्ट्रेलियाच्या घटनेचं सांग. हे मी इथं आल्यावर वाचून काढलं. १९०१च्या घटनेत कलम ५१मध्ये एक पोटकलम घातलं, कुठल्याही वंशाच्या लोकांसाठी वेगळे कायदे करायचा अधिकार. तो घालताना चिनी डोळ्यांसमोर होते, आपले हिंदुस्थानी मजूरही होते. बार्टन, जे पुढं पहिले पंतप्रधान झाले, ते घटना बनवायच्या अधिवेशनात हे उघड बोलले होते. त्या वाक्यातून मूळ रहिवाशांना, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांना, वगळलं होतं, आणि दुसऱ्या एका कलमानं त्यांना देशाच्या लोकसंख्येत मोजायचंही नाही असं ठरवलं होतं. ते वगळणं आणि ते न मोजणं १९६७च्या सार्वमतानं गेलं, नव्वद टक्क्यांवर लोक ‘हो’ म्हणाले. आज ते पोटकलम तिथंच आहे, आणि आता सगळ्यांनाच लागू आहे. क्वीन्सलँडच्या १८९७च्या कायद्याच्या तर नावातच ॲबोरिजिनल लोकांचं संरक्षण आणि अफूची विक्री एकत्र. चिन्यांना आणि त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला तो वापरला. तरी ब्रूममध्ये, डार्विनमध्ये चिनी आडनावाची ॲबोरिजिनल घरं आहेतच. म्हणजे व्याही या गोष्टीत परके नाहीत. त्यांना दोषी ठरवून आत ओढू नकोस. त्यांच्या पूर्वजांच्या बाजूनं आत आण.

बघ, झालं माझं व्याख्यान. माफ कर. यातलं अर्धं तुला माझ्याहून चांगलं माहीत असणार.

तुला हे वेड कुठून लागलं, असं वेईनं मला विचारलं. मला वाटतं, चौथीत. वारणेच्या धरणातून उठून आलेल्यांच्या वसाहतीतला तो मुलगा तुझ्या शेजारी बसायचा. नवे गुरुजी प्रत्येकाला गाव विचारत, आणि तो वसाहतीचं नाव न सांगता दर वेळी पाण्याखालच्या गावाचं नाव सांगायचा. एकदा त्यांनी त्याला उभं केलं, ‘ते गाव आता नाही’ म्हणाले. तू हात वर केलास आणि म्हणालीस, आहे, याला माहीत आहे. घरी येऊन मला ते नाव वहीत लिहायला लावलंस. ती वही माझ्या कपाटात आहे. म्हणून तुला हे काम सोड असं मी कधीच म्हणणार नाही. नोव्हेंबरपासून व्हिक्टोरिया सरकार आणि मूळ रहिवाशांची निवडून आलेली सभा करारासाठी समोरासमोर बसली आहेत, आता तर चिनी मंडळांना आणि आपल्या मराठी मंडळालासुद्धा हे समजावून सांगणारी माणसं लागणार. तू सांग. मला त्याचा फार अभिमान आहे.

पण एप्रिलमध्ये बाळ येणार. दादाला रजा नाही, आत्याचे गुडघे असे, आणि तुला आई नाही. रात्री तीनला दार वाजवायचं तर कुणाचं वाजवशील? वेई आहे, मान्य. मी विहीणबाईंविषयी बोलतोय. त्यांच्यातही बाळंतिणीचा महिना पाळतात, थंड पाण्याला हात लावू देत नाहीत, आलं आणि गोड व्हिनेगरमध्ये अंडी शिजवून देतात. मला त्यांनी गेल्या खेपेला ते मातीचं भांडं दाखवलं होतं, तुझ्यासाठी आणून ठेवलेलं. तेव्हा तर तुमचं काही ठरलंही नव्हतं.

आत्याचा व्हिसा आला. ती मार्चअखेरीस निघेल. डिंकाचे लाडू करून देतेय, अळीवही म्हणते आहे, पण बिया विमानतळावर दाखवाव्या लागतात आणि कदाचित काढून घेतील, तर तिथल्या दुकानात मिळतात का बघून ठेव. तिला गुडघ्यांमुळे खाली बसून बाळाला न्हाऊ घालता येणार नाही. ते विहीणबाई घालतील का, हे तू स्वतः विचार, वेईकडून विचारू नकोस. आणि पुढच्या वर्षीच्या जेवणाची तारीख मंडळ कधी ठरवतं, तेही व्याह्यांनाच विचार.

तुझा,
बाबा