'बघू' म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'नाही म्हणायला शिका' अशा आशयाचा लेख वाचला. आडून बोलणाऱ्या माणसांत आत्मविश्वास कमी असतो, ती समोरच्याला अंधारात ठेवतात, असा लेखाचा एकूण सूर. मी सव्वीस वर्षं जपानी भाषेची दुभाषी होते. दोन बाजूंच्या मधल्या खुर्चीत बसून पोट भरलं. त्या खुर्चीतून जे दिसलं ते या लेखाशी जुळत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री लावायला हरकत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीने करते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याची बोलणी दोन दिवस चालली होती. शेवटी पाहुण्यांतल्या ज्येष्ठ गृहस्थांनी दातांतून हळूच हवा आत ओढली, कागदांकडे पाहिलं आणि म्हणाले, 'केन्तो शिमास.' म्हणजे, आम्ही यावर विचार करतो. मी तेच सांगितलं. आमच्या बाजूला एकदम उजेड पडला. 'विचार करतो म्हणाले!' हस्तांदोलनं झाली. पुढच्या आठवड्यात जादा माणसं घेतली गेली, कच्च्या मालाची मागणी नोंदवली गेली. दोन महिने तिकडून चकार शब्द नाही. मग साहेबांनी मला बोलावून विचारलं, 'ते नक्की काय म्हणाले होते?' मी टिपणवही उघडून दाखवली. शब्द बरोबर होता, निरोप चुकला होता. गृहस्थ नाही म्हणाले होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या चौघांना ते त्याच क्षणी कळलं होतं. वाक्य संपताच त्यांनी वह्या मिटल्या, हे मी पाहिलंही होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. हे मला कळायला हवं होतं, कारण मी 'बघू' या शब्दाखाली वाढले. वडिलांनी 'बघू' म्हटलं की विषय संपला, हे सांगायला आम्हा भावंडांना कोणी दुभाषी लागला नाही. त्या दिवशी मी 'विचार करतो म्हणतात' याऐवजी 'बघू म्हणतायत' एवढं म्हटलं असतं, तर टेबलाच्या या बाजूच्या प्रत्येकाला खरा अर्थ पोचला असता. पण 'बघू' मला घरगुती वाटला आणि बैठकीत शोभेलसा शब्द मी निवडला.

आता मला सांगा, त्या गृहस्थांनी कोणाला अंधारात ठेवलं? त्यांनी त्यांच्या रीतीने साफ नकार दिला होता, आणि तोही यजमानांचा चारचौघांत पाणउतारा न करता. माझ्या लेखी याला आत्मविश्वास लागतो.

यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1976 मध्ये मांडलं की काही समाजांत अर्थाचा मोठा भाग उच्चारलेल्या शब्दात असतो, आणि काहींत तो शब्दाबाहेर, म्हणजे नात्यात, हुद्द्यात, प्रसंगात असतो. कल्पना कामाची आहे. पण पुढे कंपन्यांच्या एकदिवसीय कार्यशाळांनी तिचा तक्ता केला: या टोकाला जपानी, त्या टोकाला जर्मन, मधे बाकी जग. मीही अशा दोन-तीन कार्यशाळांत तोच तक्ता भिंतीवर दाखवून मानधन घेतलं आहे, हे कबूल करते. त्यात माझं एक लाडकं वाक्य असे, 'जपानी माणूस उत्तर देण्याआधी थांबतो.'

मग 2009 साली तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं. त्यांनी दहा भाषांतल्या रोजच्या गप्पा तपासल्या आणि हो-नाही प्रकारच्या प्रश्नानंतर उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. सरासरी निघाली सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. दहांमध्ये सगळ्यात चटकन उत्तर देणारे निघाले जपानी, जवळजवळ शून्य अंतराने. सगळ्यात सावकाश डॅनिश, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. ते वाचलं तेव्हा मी घरी एकटीच होते, तरी इकडेतिकडे पाहिलं!

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपल्या गप्पांत आपल्या लयीने बोलणारा माणूस वेगळा आणि परक्यांसमोर अवघड प्रस्तावावर बसलेला माणूस वेगळा. ज्या शांततेत मी पदराने घाम टिपायचे ती जपानी शांतता नव्हती, ती त्या बैठकीची होती. कीथ बासो या अभ्यासकाने 1970 मध्ये अमेरिकेतल्या पश्चिम अपाची या आदिवासी लोकांच्या मौनाबद्दल लिहिलं, त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. दूरच्या निवासी शाळेतून मूल सुट्टीत घरी येतं आणि आईवडील त्याच्याशी लगेच बोलत नाहीत. परकी माणसं याला कोरडेपणा म्हणतील. पण ते थांबलेले असतात, कारण मूल आता कोण झालंय हे त्यांना ठाऊक नसतं. ते त्यालाच आधी बोलू देतात. म्हणजे मौनसुद्धा स्वभाव म्हणून नसतं, कोणापुढे आणि केव्हा यावर असतं. तक्त्यात याला कप्पा नाही.

लेखकाचं एक म्हणणं मात्र उडवून लावता येत नाही: आडून बोलण्याने घात होतो. होतो, नक्की होतो. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियातून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत ठेवलं गेलं. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंधन संपत आल्याचं सांगितलं. 'प्राधान्य' हा शब्दही वापरला. 'आणीबाणी' हा शब्द मात्र एकदाही उच्चारला नाही. उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यावर नियंत्रकाने विमानाला पुन्हा लांबचा वळसा दिला आणि विचारलं, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला हे चालेल ना? उत्तर आलं, चालेलसं वाटतं, खूप आभार. काही मिनिटांत विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 जण गेले.

'खूप आभार' हे शब्द मी आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला ऐकवत आले.

पुढे अनेकांनी यावरून कोलंबियन माणसं अधिकाऱ्यापुढे कशी दबतात याच्या कथा रचल्या. चौकशीचा निष्कर्ष याहून कोरडा आहे: वैमानिकांनी इंधनाचं नियोजन नीट केलं नाही आणि आणीबाणी कळवली नाही. त्याच्याबरोबर आणखी एक कारण नोंदवलं गेलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंधन कमी आहे आणि इंधन धोक्याच्या पातळीवर आहे, या दोन अवस्थांसाठी दोन्ही बाजूंना सारखेच कळतील असे ठरलेले शब्द नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ते आले. आज वैमानिक 'मेडे' ही संकटाची ठरलेली हाक तीनदा देऊन 'फ्युएल', म्हणजे इंधन, म्हणतो आणि विषय तिथे संपतो. 'धीट व्हा' असं सांगून कुठल्या देशाचा स्वभाव बदलला नाही. शब्द ठरवले गेले.

आमच्या बैठकांत मी शेवटी हेच करू लागले. 'केन्तो शिमास' आलं की मी भाषांतर करण्याआधी विचारायचे, 'कोण विचार करणार, आणि उत्तर कोणत्या तारखेला?' तारीख आली तर विचार, नाही आली तर 'बघू'. उलट बाजूचंही सांगायला हवं. आमच्याकडचे तरुण इंजिनिअर पाहुण्यांना 'होऊन जाईल' म्हणायचे. त्यांना म्हणायचं असे, जमेल तितकं करू. पाहुणे ते वहीत तारखेसकट लिहून घ्यायचे. 'होऊन जाईल'मध्ये करणारा कोण हे व्याकरणातच नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल!

आणि नाही म्हणायला शिका हे नेहमी खालच्याला का सांगायचं? डॉक्टर विचारतात, 'समजलं ना?' पेशंट म्हणतो, 'हो.' त्याच्या त्या 'हो'चा अर्थ 'तुमचा वेळ जातोय हे मला दिसतंय' असाही असू शकतो. 'गोळ्या कशा घेणार ते तुम्हीच सांगा बरं' असं विचारायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं. पेशंटने स्पष्टवक्ता व्हायचं तर जन्म जातो.

जाता जाता लेखातली एक चूक. 'जपानी भाषेत नाही हा शब्दच नाही' असं त्यात छापलं आहे. आहे, 'इइए'. बैठकीत तो क्वचित कानावर पडतो हे खरं, पण कौतुक केलं, आभार मानले, माफी मागितली की हमखास येतो. त्या फसलेल्या बोलण्यांनंतर दीड वर्षाने तेच ज्येष्ठ गृहस्थ दुसऱ्या कामाला आले होते. मी त्यांना एकटं गाठलं आणि म्हटलं, त्या वेळी तुमचं म्हणणं मी नीट पोचवलं नाही, चूक माझी. ते घाईघाईने हात हलवत म्हणाले, 'इइए, इइए, इइए.' त्यातला किती नकार होता आणि किती माफी, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आपली,
एक निवृत्त दुभाषी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)