बादलीवरून नव्हतंच ते

प्रिय बयो,

तुझं पत्र येऊन सात महिने झाले. शिव्या दे, पण आधी वाच. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

काही नाही कसं? ते खालच्या खाजेचं प्रकरण. हो, तेच, तुझं हॉस्टेलमधलं. मागच्या वर्षी मला पाच वेळा झालं. फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायचं, लघवीला चुरचुर, रात्र रात्र झोप नाही. दर वेळी कपाटातली तीच ट्यूब काढायची, जरा बरं वाटलं की बंद. एकदा दाताच्या अँटिबायोटिकनंतर जी उसळली! नवऱ्याला सांगितलं, तर तो घाबरून म्हणाला, “माझ्यामुळे?” चेहरा बघायला हवा होतास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लैंगिक आजार धरत नाहीत, त्यांना त्रास नसेल तर त्यांना औषधही नको.

त्यांनी साखर तपासली (नाही निघाली), आतल्या स्रावाचा नमुना घेऊन कल्चरला पाठवला, म्हणजे कुठला जंतू वाढतो ते बघायला. इतके दिवस सगळा अंदाजपंचे कारभार, कुणी बघितलंच नव्हतं. बुरशी निघाली, कॅन्डिडा अल्बिकन्स. वर्षात तीनदा किंवा जास्त झालं की उपचार बरेच दिवस चालू ठेवावे लागतात. फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी, १५० मिलिग्रॅम, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. मग आठवड्याला एक, सहा महिने. माझी रविवारची गोळी. बुरशीची जातकुळी दुसरी असती, ग्लाब्राटा वगैरे, तर ही गोळी कदाचित चाललीही नसती.

सहा महिने एकदाही खाज नाही. आणि येत्या रविवारी शेवटची गोळी. भीती तीच आहे गं. थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणींना परत होतं, हेही बाईंनीच सांगितलं. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आता शिवण टोचली तरी छातीत धस्स होतं.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाईंनी विचारलं, आत साबण वगैरे वापरता? मी ऐटीत म्हटलं, साबण काय, जंतुनाशकसुद्धा! त्या म्हणाल्या, आजपासून बंद, नुसतं पाणी, तेही बाहेरून. आणि मला तू दिसलीस. न्हाणीघरात रडणारी. मी दाराबाहेरून म्हणाले होते, “जरा स्वच्छ राहत जा.” वर माझी बाटली आत सरकवली. किती आग झाली असेल! तीन आठवडे बोलली नाहीस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की बादलीवरून रुसली.

तुझी बढती कळली, अभिनंदन. लेकीचा निकाल लागला का? आईंना नमस्कार.

पुढे थांबलं का गं तुझं ते? मी कधी विचारलंच नाही.

तुझी,
बाटलीवाली

ता. क. बादली तुझीच होती, हे आता कबूल.