रविवारी नांदूरमध्यमेश्वर: पक्षी आणि मांजा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी, २५ जानेवारीला, आपली नदीफेरी गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून गाड्या पहाटे ५.४५ ला सुटतील. थेट येणाऱ्यांनी ७ वाजता चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी भेटावे.

नवीन सभासदांसाठी: इथल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून पाणी उथळ झाले आणि बेटे तयार झाली. धरणाच्या हिशेबात हे नुकसानच. पण चक्रवाक, पट्टकादंब, चमचे या पक्ष्यांची त्यामुळेच चंगळ. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच, २०२० मध्ये जाहीर झालेले. इथूनच निघणाऱ्या कालव्यांवर येवला-कोपरगावची शेतीही उभी आहे.

यंदा पक्षी पाहून झाले की काठावरचा मांजा काढायचा आहे. संक्रांत नुकतीच झाली, आणि येवल्याचे पतंगवेड आपल्याला ठाऊकच आहे. नायलॉन मांजावर बंदी असली तरी बाभळीच्या काट्यांत तो गुंतलेला सापडतोच. पंख अडकलेला बगळा जितका फडफडतो, तितका मांजा रुतत जातो.

- जाड हातमोजे आणि छोटी कात्री आणा. मांजा ओढू नका, तुकडे करून पिशवीत भरा.
- जखमी पक्षी दिसल्यास स्वतः सोडवू नका. लगेच वनरक्षकांना सांगा.
- भडक कपडे, स्पीकर, ड्रोन नको. फोटोसाठी चिखलात उतरणाऱ्याला पुढच्या फेरीत घेणार नाही.
- दुर्बीण नसेल तरी या, गटात पुरेशा आहेत.

नाश्ता आपापला, कागदात बांधलेला. नावे शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे गाड्या ठरवता येतील.